तिसरा रकाना

शांतवन सरांनी पहिल्याच तासाला
कागदावर दोन उभ्या रेघा मारायला लावल्या.
पहिल्या रकान्यात, ती काय म्हणाली.
दुसऱ्यात, तुम्ही काय म्हणालात.
तिसऱ्यात, तेव्हा तुमच्या आत काय झालं.
"शब्द सुधारायचे नाहीत," सर म्हणाले,
"व्याकरणाचं देव पाहून घेईल."
आम्ही हसलो. कूलरमधलं पाणी संपलेलं,
वाळ्याच्या वासाची नुसती गरम हवा फेकत होता तो.

आमच्या वर्गाला लागूनच चॅपल.
प्रार्थनेची सक्ती नाही, तरी मी जाऊन बसते
मागच्या बाकावर. घरी सांगितलेलं नाही.
आई म्हणेल, एक देव सोडला
तो दुसरा धरायला का?
तसं काही नाही, आई. पंखा चांगला आहे तिथला.
आणि दहा मिनिटं
कोणी काही विचारत नाही.

बुधवारी फील्डवर्क.
ऑटोवाल्याला 'प्रादेशिक मनोरुग्णालय' म्हटलं
तर त्यानं तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला,
"मंजे पागलखाना चौक ना? असं सीधं बोला ना, ताई."

स्त्रियांचा वॉर्ड. पार्बता मावशी, वय अंदाजे साठ.
फाइलवर पत्ता आधी कामठीचा,
मग खोडलेला, मग काहीच नाही.
"तू कोनाची वं?"
मी म्हणाले, विद्यार्थिनी आहे,
मानसशास्त्र आणि समाजसेवा, दुसरं वर्ष.
"ते नाही. कोनाची?"
पुढच्या बुधवारी मी आईचं नाव सांगितलं.
त्याच्या पुढच्या बुधवारी तिनं माझ्या हातावर
चार शेंगदाणे ठेवले,
मुठीत धरून धरून ओले झालेले.
मी खाल्ले.
हे चालतं का, ते पुस्तकात शोधलं. सापडलं नाही.

वही परत आली.
दोन रकाने गच्च, तिसरा कोरा,
आणि त्यात सरांची पेन्सिल, अगदी बारीक,
बागेत झाडामागे लपलेल्याला
हळूच हाक मारावी तशी,
"उत्पला, तू कुठे आहेस?"

मी इंदोऱ्यात आहे, सर.
दोन खोल्या आणि एक बंद दार.
आत शीलरत्नदादा. चौदा महिने झाले.
येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही सांगतो,
एमपीएससीचा अभ्यास करतो.
पाहुणे खूश होतात. हळू आवाजात चहा पितात.
त्याचं ताट मी दाराशी ठेवते
आणि लगेच उठते, कारण दुसऱ्या दिवशी
'सक्रिय श्रवण' या प्रकरणावर टिपण द्यायचं असतं.

काल ताट ठेवलं आणि उठले नाही.
चप्पल काढून, वॉर्डात बसते तशी,
भिंतीला पाठ लावून बसले.
भिंत दिवसभराची तापलेली.
शेजारी कुकर झाला, मग मालिका झाली,
मग बल्ब गेला.
मुंग्या भाताकडे निघाल्या होत्या,
मी बोटानं त्यांची वाट वळवत राहिले.

अकराच्या सुमाराला आतून आवाज,
खूप दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा,
"नळ आला का वं?"
"नाही अजून."
"बरं."
"आला की सांगते."

एवढंच आहे, सर.
काही सुधारलेलं नाही.
तिसऱ्या रकान्यासाठी रात्री पेन उघडून बसले होते,
तर अडीचला पाइपातून आधी हवा फुसफुसली,
मग गढूळ, मग पाणी.
बादली लावायची राहिली
आणि मी दाराकडे पळाले.